गाव कुठलं? आश्रय मागणाऱ्याच्या मूळ ठिकाणाची पडताळणी, टप्प्याटप्प्याने

‘मी अमुक देशातला, अमुक गावचा’ हे आश्रयाच्या अर्जातलं पहिलं विधान. पुढचं सगळं त्यावर उभं असतं आणि नेमकी त्याचीच तपासणी सर्वांत ढिसाळ होते. राजधानी विचारायची, झेंड्याचे रंग विचारायचे, जाता जाता दुभाष्याला ‘हा तिकडचाच वाटतो का हो?’ म्हणायचं, की झाली पडताळणी. अशा परीक्षेत घोकून आलेला खोटा माणूस पास होतो आणि शाळेचं तोंड न पाहिलेला खरा माणूस नापास. मग जिथे त्याचं कुणीच नाही अशा देशात त्याची रवानगी होते, नाहीतर जिथून जीव मुठीत धरून पळाला तिथेच.

निर्णय अधिकारी, वकील, दुभाषे आणि मदत करणारे स्वयंसेवक यांच्यासाठी हा क्रम आहे. उदाहरणं अफगाणिस्तान, सोमालिया, एरिट्रिया आणि म्यानमारची घेतली आहेत, कारण या चारही ठिकाणी एकच भाषा सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना बोलली जाते आणि चुका तिथेच होतात. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. इथे अफगाण, सोमाली, म्यानमारच्या अर्जदारांची तपासणी संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था करते. पद्धत मात्र दिल्लीत असो की युरोपात, हीच लागते.

टप्पा १ : ‘मूळ’ म्हणजे काय, ते आधी ठरवा

एका शब्दात पाच वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात : नागरिकत्व, जन्मस्थळ, लहानपण गेलं ते ठिकाण, भाषिक किंवा वांशिक समूह आणि पळण्याआधीचं शेवटचं वास्तव्य. फाइलच्या पहिल्या पानावर या पाच ओळी वेगवेगळ्या लिहा आणि प्रत्येकीसमोर अर्जदाराचं म्हणणं मांडा.

कायद्याला यातलं काय हवं असतं? १९५१च्या करारानुसार भीती तपासायची ती नागरिकत्वाच्या देशाच्या संदर्भात. माणूस कुठल्याच देशाचा नागरिक नसेल, तर त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशाच्या संदर्भात. बाकीच्या तीन ओळी या दोहोंपर्यंत पोचण्याच्या वाटा आहेत, उत्तरं नव्हेत.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. बेळगावच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते, पण तो माणूस राहतो कर्नाटकात. इस्रायलमधल्या बेने इस्रायली (कोकणातून तिकडे गेलेल्या ज्यू) आजीबाई कोकणी वळणाचं मराठी बोलतील, पण त्यांचा पासपोर्ट इस्रायलचा. बोलीवरून घराणं कळलं, देश कळला नाही.

एरिट्रियाचं उदाहरण याहून बोचरं आहे. १९९८ ते २००० च्या युद्धात इथिओपियाने एरिट्रियन वंशाच्या हजारो लोकांना देशाबाहेर काढलं. त्यांतले कित्येक इथिओपियाच्या राजधानीत, आदिस अबाबात वाढलेले, तिथली अम्हारिक बोलणारे. अशा माणसाला एरिट्रियाच्या राजधानीतल्या, अस्मारातल्या गल्ल्या विचारून काय मिळणार? त्याचं नागरिकत्व एक आणि लहानपण दुसरं.

तपासा : तुमच्या टिपणात ‘मूळ’ हा शब्द एकटा कुठे आला आहे का? आला असेल तर तो खोडून पाचांपैकी नेमका लिहा.

टप्पा २ : जीवनरेषा काढा, तारखा रूपांतरित करा

मुलाखतीआधी अर्जावरून एक पानाची जीवनरेषा तयार करा : जन्म, घर बदललं ती वर्षं, शिक्षण किती, काम कोणतं, देश सोडताना वय किती, मधल्या देशांत किती काळ. पुढचे सगळे प्रश्न या पानावरून निघतील. नवव्या वर्षी गाव सोडलेल्या मुलाला नऊ वर्षांच्या मुलाला जे दिसतं तेच विचारता येतं.

‘विसंगती’ म्हणून नोंदवलेल्या कितीतरी गोष्टी मुळात पंचांगाच्या चुका असतात.

अफगाणिस्तानात शम्सी वर्ष २१ मार्चच्या सुमारास सुरू होतं. वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंत शम्सी आकड्यात ६२१ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या नवरोजपर्यंत (वर्षारंभाच्या दिवसापर्यंत) ६२२. उदाहरण घ्या : १० दल्व (अकरावा महिना) १३९०. सरसकट ६२१ मिळवले तर जानेवारी २०११ येतो. खरी तारीख जानेवारी २०१२ची. एका वर्षाचा फरक पडला आणि ‘अर्जदार घटनेच्या वेळी देशात नव्हता’ असा शेरा बसला, तर चूक त्याची नाही.

इथिओपियात तेरा महिन्यांचं वर्ष ११ सप्टेंबरला सुरू होतं (लीप वर्षाच्या आधीच्या सप्टेंबरात १२ला). डिसेंबरअखेरपर्यंत सात मिळवा, जानेवारीपासून आठ. एरिट्रियाच्या सरकारी कामात इंग्रजी तारखा चालतात, चर्चच्या व्यवहारात जुनं पंचांग. म्हणून एकाच माणसाच्या तोंडी दोन्ही येऊ शकतात.

घड्याळही वेगळं. इथिओपियात आणि स्वाहिली बोलणाऱ्यांत तास सूर्योदयापासून मोजतात. ‘एक वाजता’ म्हणजे सकाळचे सात. दुभाष्याने शब्दशः ‘एक’ सांगितलं की सकाळचा छापा दुपारचा होतो.

सावध : रूपांतर दुभाष्याकडून तोंडी करून घेऊ नका. अर्जदाराने सांगितलेली तारीख जशीच्या तशी लिहा, शेजारी तुमचं रूपांतर लिहा. दोन्ही कायम दिसली पाहिजेत.

टप्पा ३ : उत्तरपत्रिका आधी, प्रश्न नंतर

ज्याचं खात्रीचं उत्तर तुमच्याकडे नाही तो प्रश्न पडताळणीसाठी विचारू नका. आणि उत्तर नुसतं बरोबर असून भागत नाही, ते त्या वर्षाचं असावं लागतं.

अफगाणिस्तानातला दायकुंदी हा प्रांत २००४ मध्ये उरुझगानमधून वेगळा झाला. १९९९ मध्ये तिथून निघालेला माणूस ‘माझा प्रांत उरुझगान’ असंच म्हणणार. आजचा नकाशा समोर ठेवून बसलेला अधिकारी ते चूक ठरवतो. खरं तर ते त्याच्या बाजूचं पुराव्याचं टिपण आहे. पंजशीरचंही तसंच, तोही २००४ मध्येच परवानपासून सुटा झाला. पैशांचंही तसंच : २००२च्या अखेरीला अफगाणी चलन बदललं, जुन्या हजारांची नवी एक. त्याआधी देश सोडलेल्याच्या तोंडी घरखर्चाचे लाखांचे आकडे येतील. एरिट्रियात नाक्फा हे चलन १९९७ मध्ये आलं, त्याआधी इथिओपियाचा बिर चालायचा.

उत्तरपत्रिका दोन ठिकाणांची बनवा. शंका अशी असेल की हा हजारा (अफगाणिस्तानातला एक वांशिक समूह) तरुण तिथल्या गझनी प्रांतातल्या जाघोरी जिल्ह्यातला नसून पाकिस्तानातल्या क्वेट्यात वाढला आहे, तर जाघोरीबरोबर क्वेट्याच्या मरीआबाद आणि हजारा टाऊन या वस्त्यांचीही माहिती जमवा. दोन्हीकडे सारखंच उत्तर येणारा प्रश्न (सण, नमाज, लग्नातले रिवाज) पडताळणीत बिनकामाचा. वेगळं उत्तर येईल तोच प्रश्न ठेवा. महिन्यांची नावं पाहा : अफगाणिस्तानात हमल, सौर, जौझा, इराणात फर्वर्दीन, ऑर्दिबेहेश्त, खोर्दाद. एवढ्यानेच निकाल लावायचा नाही, पण इराणात किती काळ गेला हे विचारायला ते चांगलं निमित्त आहे.

प्रत्येक उत्तराला एकमेकांवर न विसंबणारे किमान दोन स्रोत हवेत. एकाच अहवालातून उचललेले दोन लेख म्हणजे एकच स्रोत. उपग्रह नकाशे जरूर वापरा, पण गावांच्या नावांवर भिस्त ठेवू नका. नकाशावरचं नाव आणि गावकऱ्यांच्या तोंडचं नाव बऱ्याचदा जुळत नाही.

सावध : अर्जदाराच्या देशाच्या वकिलातीला, पोलिसांना किंवा गावच्या अधिकाऱ्याला विचारून खात्री करू नका. त्या फोनमुळे मागे राहिलेल्या कुटुंबावर संकट येऊ शकतं, आणि आधी नसलेला धोका तुम्हीच निर्माण करता.

टप्पा ४ : दुभाषा

‘भाषा : फारसी’ एवढं पुरत नाही. हजारगी (हजारांची फारसी बोली) बोलणाऱ्याला तेहरानचा दुभाषा दिला तर दोघे एकमेकांना बरंच समजतील, आणि हेच ‘बरंच’ घात करतं. मुलाखतीच्या सुरुवातीला पाच-सात मिनिटं साध्या गप्पा होऊ द्या. मग दोघांनाही वेगवेगळं विचारा : समजतंय का? कुठे अडतंय? उत्तर नोंदवा.

समोरच्याला कळावं म्हणून माणूस आपली बोली सोडून त्याच्याजवळची बोलतो. मालवणी माणूस पुण्यात येऊन जसं बोलतो, तसंच. अर्जदार दुभाष्याच्या वळणाने बोलू लागला तर ती लबाडी समजू नका. पुढे ध्वनिमुद्रणाचं भाषाविश्लेषण (बोलण्यावरून माणूस कुठे वाढला याची तज्ज्ञाकडून तपासणी) होणार असेल तर त्याला आधीच सांगा की घरी बोलता तसं बोला.

दुभाष्याला मूळ ठिकाणाबद्दल मत विचारायचं नाही. त्याने आपणहून दिलं तरी निर्णयात धरायचं नाही. त्या समूहाबद्दल त्याच्या मनात आकस किंवा माया काहीही असू शकतं, आणि अर्जदाराला त्या मताला उत्तर द्यायची संधी कधीच मिळत नाही.

टप्पा ५ : मुलाखतीचा क्रम

आधी मोकळं बोलणं, मग नेमके प्रश्न, सगळ्यात शेवटी विसंगती. हा क्रम उलटला की माणूस पहिल्या दहा मिनिटांत आक्रसतो आणि पुढचे दोन तास ‘माहीत नाही’ ऐकावं लागतं. दर तासा-दीड तासाने थांबा, पाणी द्या.

मोकळ्या भागात एकच विनंती पुरते : ‘गावातला एक साधा दिवस सांगा, सकाळपासून.’ मध्ये तोडू नका. पाणी, सरपण, शाळा, दुकान असं जे तो स्वतःहून बोलेल ते टिपा. पुढचे प्रश्न त्याच्याच शब्दांतून काढायचे.

नेमक्या भागात माणसाच्या आयुष्याला शोभेल असं विचारा. जाघोरीतून आलेली, शाळेत न गेलेली, चाळिशीची एक बाई समोर आहे असं धरा. तिला जिल्ह्याचा अधिकारी कोण हे विचारून काही साधणार नाही. तिला हे विचारा :

– हिवाळ्यात घर कशाने गरम ठेवायचात? सरपण कुणी आणि कधी जमवायचं?
– पाणी कुठून यायचं, पाळी कशी ठरायची?
– दळण कुठे, आणि दळणाचा मोबदला पैशात की पिठात?
– बाळंतपणाला कोण यायचं? अडलंच तर कुठे न्यायचे, कसे?
– संग-ए-माशाच्या (जाघोरीतल्या मुख्य गावाच्या) बाजारात तुम्ही स्वतः जायचात का? नसाल, तर घरात कोण काय आणायचं?

ती म्हणाली की हिवाळ्यात ‘संदली’ लावायचो, की तिथे थांबा. संदली म्हणजे बुटक्या चौरंगाखाली निखाऱ्यांचं भांडं आणि वरून मोठी रजई. पाय आत घालून सगळं घर त्याभोवती बसतं. विचारा : निखारे आधी बाहेर किती जळू द्यायचे? घाई केली तर काय व्हायचं? ज्या बाईने वर्षानुवर्षं संदली लावली तिला माहीत असतं की कोळसा नीट पेटण्याआधी आत आणला तर धुराने डोकं दुखतं, माणसं गुदमरतात. ऐकीव माहितीवर बोलणाऱ्याला वस्तूचं नाव येतं, हाताळणी येत नाही. संदली अफगाणिस्तानात इतरत्रही असते, म्हणून जाघोरी सिद्ध झाली असं नव्हे. पण अशा आठ-दहा गोष्टी जुळल्या की त्यांना वजन येतं.

शेवटी कागद आणि पेन्सिल देऊन घराभोवतीचा परिसर काढायला सांगा. बाण, अक्षरं, उत्तर दिशा यांची सक्ती नको. नकाशाची सवय नसलेला माणूस अंतरं चुकवतो, क्रम चुकवत नाही. मशिदीनंतर ओढा की ओढ्यानंतर मशीद, ते पाहा.

तपासा : ‘माहीत नाही’ आलं तिथे दोनच प्रश्न स्वतःला विचारा. याच्या वयाला, शिक्षणाला, लिंगाला हे माहीत असायला हवं होतं का? आणि गावातल्या अशाच दुसऱ्या माणसाला तरी माहीत असतं का?

टप्पा ६ : कागदपत्रं

कागद नाही म्हणजे माणूस खोटा, असं नाही. १९९१ मध्ये सोमालियाचं मध्यवर्ती सरकार कोसळलं, त्यासोबत जन्मनोंदणीही बसली. म्यानमारमध्ये रोहिंग्यांची तात्पुरती ‘पांढरी कार्डं’ २०१५ मध्ये सरकारने रद्द केली. पावती किंवा कुटुंबयादीची घडी पडलेली झेरॉक्स एवढंच कुणाच्या हाती असेल, तर त्याबद्दल शेरा मारण्याआधी तिथे काय मिळू शकतं हे पाहा.

कागद असेल तर त्यावरचं लिखाण त्या देशाच्या रीतीने वाचा. अफगाणिस्तानच्या जुन्या कागदी तझकिऱ्यावर (ओळखपत्रावर) जन्मतारीख नसते, ‘अमुक साली वय इतकं’ असं अंदाजाने लिहिलेलं असतं. नंतर परदेशी कार्यालयात त्याची १ जानेवारी होते. मग भावंडांची १ जानेवारी आणि आईचं ‘तो भर उन्हाळ्यात जन्मला’ यांचा मेळ बसत नाही. दोष कार्यालयाच्या रकान्याचा आहे.

टप्पा ७ : भाषाविश्लेषण कधी, कसं

मुलाखत आणि कागदांनंतरही खरी शंका उरली तरच. प्रत्येक फाइलला ते लावणं म्हणजे तापाला सरसकट शस्त्रक्रिया.

२००४ मध्ये विविध देशांतल्या १९ भाषातज्ज्ञांनी यासाठी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांचा गाभा असा : भाषेवरून माणूस कोणत्या समाजात वाढला याबद्दल बोलता येतं, नागरिकत्वाबद्दल नाही. विश्लेषण भाषाशास्त्राचं शिक्षण असलेल्याने करावं. ती भाषा घरी बोलतो एवढी पात्रता पुरेशी नाही. आणि निष्कर्षासोबत खात्री किती हे सांगावं.

तुमच्या बाजूने एवढं बघा :

क) स्वच्छ ध्वनिमुद्रण, अर्जदाराचं स्वतःचं सलग बोलणं २० ते ३० मिनिटं. ‘हो-नाही’ची उत्तरं यात मोजू नका.

ख) विश्लेषकाला संपूर्ण जीवनरेषा द्या. पाच वर्षं मोम्बासात राहिलेल्याच्या बोलण्यात केनियाचे शब्द येणारच. हे न सांगता मत मागवलं तर ‘केनिया’ असंच उत्तर येईल.

ग) प्रश्न बंद नको, ‘हा सोमालियाचा आहे का?’ असा. ‘या बोलण्याचा मेळ कोणकोणत्या भाषिक समाजांशी बसतो, किती खात्रीने?’ असा हवा.

सोमालियातल्या बाजुनींच्या फाइली इथे वारंवार बिघडतात. किसमायोपासून केनियाच्या हद्दीपर्यंतच्या बेटांवर आणि किनाऱ्यावर राहणारा हा समाज किबाजुनी बोलतो, ती स्वाहिलीची उत्तरेकडची बोली. ‘सोमाली येत नाही, म्हणजे सोमालियाचा नाही’ हा तर्क त्यांना सरळ अन्याय करतो. उलट बाजूने, किबाजुनी केनियाच्या किनाऱ्यावरही आहे, म्हणून ती येते एवढ्यावर सोमालिया सिद्ध होत नाही. रोहिंग्या बोली आणि चितगावची बोली यांचंही असंच नातं आहे. तिथे उच्चारापेक्षा सरकारी कामाचे, शाळेचे, चौकीचे शब्द बर्मीमधून आले आहेत की बंगालीतून, हे जास्त बोलकं असतं.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सोमालियाचे असल्याचं सांगणाऱ्या अर्जदारांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं : असे अहवाल पुरावा म्हणून चालतील, पण त्यांना खास वजन आपोआप मिळत नाही. बोलीवर मत देणाऱ्याने अर्जदाराच्या देशाविषयीच्या माहितीवर आणि वागण्यावर शेरे मारले असतील, तर त्यासाठी त्याचा अधिकार काय ते दिसलं पाहिजे. अहवाल हाती आला की दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. उच्चार, शब्दरूपं, वाक्यरचना यांवरची वाक्यं एका रंगात, ‘उत्तरं देताना अडखळतो’ किंवा ‘बाजाराचं नाव माहीत नाही’ असली वाक्यं दुसऱ्या रंगात. दुसरा रंग बाजूला ठेवून निष्कर्ष टिकतो का ते पाहा.

टप्पा ८ : विसंगती समोर ठेवा

जी विसंगती अर्जदाराला दाखवली नाही ती निर्णयात वापरायची नाही. दाखवण्याआधी ती चाळून घ्या : भाषांतराची आहे का? पंचांगाची? ‘भाऊ’ म्हणजे चुलतभाऊ का? पहिली जबानी विमानतळावर अर्ध्या तासात घेतलेली होती का? एवढं चाळून जे उरतं तेच विचारा, आणि सौम्यपणे : ‘आधी तुम्ही असं सांगितलं होतं, आज असं. मला नीट समजावून सांगाल?’ गुंतागुंतीचं असेल तर लेखी द्या आणि उत्तराला मुदत द्या. छळ सोसलेल्या माणसाची आठवण तारखांच्या बाबतीत तुटक असते. प्रसंग लख्ख आठवतो, वार आठवत नाही.

टप्पा ९ : तोलणं आणि लिहिणं

पाच गोष्टी तोला : पुरेसा तपशील, स्वतःच्या बोलण्यातला मेळ, देशाच्या माहितीशी मेळ, इतर साक्षींशी मेळ आणि शक्यता. नजर चुकवणं, रडणं, न रडणं यांना शून्य गुण. ‘शक्यता’ सर्वांत शेवटी, कारण आपल्याला अशक्य वाटणारं बरंचसं केवळ अपरिचित असतं.

एका गोष्टीत खोटं सापडलं म्हणून सगळं खोटं धरू नका. खरा निर्वासित दलालाच्या सांगण्यावरून प्रवासाची वाट खोटी सांगतो, हे रोजचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या १९७९च्या पुस्तिकेत परिच्छेद १९६ मध्ये म्हटलं आहे की पुराव्याचा भार मुळात अर्जदारावर असला तरी तथ्यं शोधण्याचं काम तपासणाऱ्याबरोबर वाटून घ्यायचं आहे. परिच्छेद २०३ आणि २०४ संशयाचा फायदा सांगतात : मिळेल तो पुरावा पाहून झाला, माणूस एकंदरीत विश्वसनीय वाटला, म्हणणं सर्वज्ञात तथ्यांच्या विरोधात नाही, तर उरलेला संशय त्याच्या बाजूने.

लिहिताना हे टाळा : ‘अर्जदाराला स्थानिक माहिती समाधानकारक नाही, सबब तो अफगाण नाही.’

असं लिहा : ‘अर्जदाराने हिवाळ्याची तयारी, पाण्याच्या पाळ्या आणि घराभोवतीचा परिसर तपशिलाने सांगितला, तो माहितीशी जुळतो. बाजाराच्या दिवसाबद्दलचं उत्तर जुळत नाही. तिने १४व्या वर्षी गाव सोडलं आणि बाजारात पुरुष जात, हे स्पष्टीकरण मान्य. जाघोरीतलं लहानपण स्वीकारलं. २००८ नंतरचं वास्तव्य कुठे होतं, याबद्दल शंका कायम, कारणं पुढे.’

टप्पा १ मधल्या पाचही ओळींवर वेगवेगळा निष्कर्ष द्या : स्वीकारलं, नाकारलं, किंवा शंका. आणि सांगितलेला देश नाकारलात तर फाइल तिथे बंद होत नाही. मग कुठला देश, कोणत्या पुराव्यावर, त्या देशाने याला नागरिक मानलं आहे का आणि तिथे पाठवलं तर काय होईल, हे चारही लिहावं लागतं. ‘बहुधा पाकिस्तान’ एवढ्यावर कुणाला क्वेट्याला धाडता येत नाही.

फाइल बंद करण्याआधी ध्वनिमुद्रण, हाताने काढलेला नकाशा, मूळ तारखा, तुमची उत्तरपत्रिका तिच्या स्रोतांसह आणि दुभाष्याची बोली, हे पाचही आत आहेत का ते मोजून पाहा. अपिलात बसलेल्या माणसाला अर्जदार पुन्हा दिसेलच असं नाही; त्याच्या हाती एवढंच असणार आहे.